दीड फुटाचा उतार

राऊच्या पुढे, रंगवाशाला, आमचा प्लॉट
ईशान्येकडे दीड फूट झुकलेला.
एका कडेला घराचं जोतं बांधून पडलेलं, बाकी ढेकळं.
कागदावर मी तो केव्हाच सपाट केला होता.
एकतीस वर्षं कालव्यांच्या खात्यात हेच केलं,
टोकदार निब, समोच्च रेषा,
आणि टेकड्या मुकाट ऐकायच्या.

ही माती ऐकत नाही.
माळव्याची काळी, वैशाखात भेगाळलेली.
भेरूलालने एका भेगेत पहार सोडली,
ती हातभर आत गेली.
"बाबूजी, ये तो साँस लेती है," म्हणाला,
आणि गाडी सुरू केली.

त्याचा ट्रॅक्टर छोटा, बोळात वळेल असा.
पुढे लोडरची बादली, मागे दगडांनी भरलेलं पिंप.
पुढे उचलायचं तर मागे वजन लागतं,
नाहीतर मागची चाकं हवेत आणि माणूस स्टिअरिंगवर.
हे तो एक दात देऊन शिकला होता.

सकाळी सातला त्याने वरचा कोपरा धरला.
पहिलं ढेकूळ निघालं
ते कापलेल्या गुळाच्या ढेपेसारखं चकचकीत.
दहाला पिवळा मुरूम लागला.
मधून एक पट्टा मात्र राखाडी, घट्ट,
कुणाचा तरी जुना बांध.
त्याच्या दोन्ही बाजूंनी किती शिव्या दिल्या गेल्या असतील.
भेरूलालने तो तीन फेऱ्यांत उचलला
आणि खोलगट भागात नेऊन पसरला.

दुपारी मी पेटी उघडली.
निवृत्त होताना भंगाराच्या भावात घेतलेली डम्पी लेव्हल.
तिपाई रोवली, बुडबुडा मध्यावर आणला.
खात्यात स्टाफ धरायला घनश्याम असायचा,
उन्हात खांबासारखा.
आता कुंदा.

या जुन्या दुर्बिणीत जग उलटं दिसतं.
कुंदा जमिनीला लोंबत होती,
मुरूम वर, चपला वर, खाली आभाळ,
आणि निळी साडी जागच्या जागी.
उलटे आकडे वाचायची मला सवय आहे.
एक पॉइंट चार दोन.
चार तीन.
परत चार एक.
"सरळ धर!"
"धरलाय."
"हलतोय."
"वारा आहे."

शेजारच्या पळसाचं पान हलत नव्हतं.
पीथमपूरच्या रस्त्यावर धूळ
उठली तिथेच उभी होती.

मी फोकस फिरवला.
तिचा अंगठा दिसला, लाल आकड्याच्या बाजूला,
कसले तरी ठोके मोजत असल्यासारखा.
बशीत सांडणारा चहा,
सुईत न जाणारा दोरा,
बँकेने परत पाठवलेली सही,
या सगळ्यांना मी वेगवेगळी कारणं दिली होती.

वहीत लिहिलं, एक पॉइंट चार दोन.
सरासरी. खात्यात चालायची.

भेरूलाल इंजिन बंद करून बघत होता.
त्याने दोरी लावली नव्हती की नळी,
कमरेला कळतं म्हणे.
माझ्या हिशेबात तो फाटकाकडे अर्धा इंच चुकला होता.
तसं सांगितल्यावर त्याने एक बादली पाणी आणून ओतलं.
पाणी थोडा वेळ विचारात पडलं,
मग फाटकापलीकडच्या नालीकडे निघालं.

जोत्याला तीन पायऱ्या ठरल्या होत्या.
नकाशात आहेत, माझ्याच हातच्या.
ऊन कललं तेव्हा तो न विचारता
मुरमाची बादली भरून आला, मग दुसरी,
मग मी मोजणं सोडलं.
लोडरची पाठ जमिनीला टेकवून, उलटा उलटा येत
त्याने जोत्यापर्यंत उतार बांधला,
लांब, मंद, बारा फुटांत एक.
खाली उतरून स्वतः त्यावरून चालून पाहिलं,
उजवा पाय मुद्दाम ओढत.
"अब माजी को बुलाओ."

या सव्वा तासाचे पैसे त्याने लावले नाहीत.
मी वाद घालत होतो,
तो दातांत अडकलेली माती काठीने काढत होता, बादलीच्या,
तेवढ्यात कुंदा वर चढून गेली.
स्टाफ अजून तिच्याच हातात होता.
टेकत गेली.